फ्रेडरिक चर्चचे ‘ट्वायलाइट इन द वाइल्डरनेस’: संध्याकाळचे आकाश हिरवट किंवा खडूसारखे न होऊ देता कसे उतरवायचे?

रंगखडा (धागाकर्ता)

फ्रेडरिक एडविन चर्च (१८२६–१९००) या अमेरिकन चित्रकाराचे हे १८६० सालचे तैलचित्र. सध्या क्लीव्हलँड म्युझियम ऑफ आर्टमध्ये आहे. आकार १०१.६ × १६२.६ सेंमी, म्हणजे ४० × ६४ इंच. सूर्य बुडालेला आहे, क्षितिजाशी पिवळा उजेड रेंगाळतो आहे, वर ढगांच्या तांबड्या रांगा, मध्ये स्थिर पाणी, पलीकडे जांभळे डोंगर आणि पुढे जवळजवळ काळी पडलेली झाडे. माणूस नाही, झोपडी नाही, धूरही नाही.

तैलरंगात सूर्यास्त शिकण्यासाठी याच्याइतका चांगला नमुना मला माहीत नाही. पण याची नक्कल करताना तीन गोष्टी हमखास बिघडतात: पिवळा आणि निळा जिथे भेटतात तिथे पोपटी पट्टा तयार होतो, ढग गुलाबी खडूने काढल्यासारखे दिसतात, आणि पूर्ण चित्र कॅलेंडरसारखे भडक होते. तिन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे. उजेड ट्यूबमधल्या रंगात शोधला जातो. चर्चने तो गडद-फिक्याच्या क्रमातून काढला आहे.

काळा ० आणि पांढरा १० धरा. क्षितिजाजवळचा पिवळा साधारण ९. वरचे निळे आकाश ४ ते ५. ढगांचा पेटलेला तांबडा ५ च्या आसपास. डोंगर ३. पुढची झाडे १ ते १.५. म्हणजे लालभडक ढग आणि वरचे निळे आकाश गडदपणात जवळजवळ सारखे आहेत! ढग उठून दिसतात ते रंगफरकामुळे, फिकेपणामुळे नव्हे. हे लक्षात आले नाही की माणूस ढगात पांढरा घालत सुटतो आणि तिथेच चित्र हातचे जाते.

कामाचा क्रम असा.

निम्म्या आकाराला २० × ३२ इंच कॅनव्हास लागतो. जागा कमी असेल तर १५ × २४. प्रमाण १ : १.६ राहिले पाहिजे. दुकानात तयार मिळणाऱ्या १८ × २४ वर बसवायला गेलात तर आकाश उंच होते आणि ढगांच्या रांगांचा आडवा फैलाव मोडतो. ३२ इंचांच्या चौकटीला मध्ये एक आडवी पट्टी हवीच, नाहीतर ताण बसल्यावर चौकट पिळते.

गेसोचे (कॅनव्हासवर रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या लेपाचे) ३ हात, प्रत्येक हात आधीच्याला काटकोनात. वाळल्यावर २२० नंबरचा सँडपेपर, शेवटच्या हाताला ३२०. या चित्राला कापडाची वीण दिसून चालत नाही. क्षितिजाजवळचा गुळगुळीत उजेड वीण दिसली की मरतो.

त्यावर बर्न्ट सिएन्ना (तांबूस तपकिरी) आणि थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करून फासा आणि ५ मिनिटांनी फडक्याने पुसून घ्या. दोन दिवस वाळू द्या. रेखाटनात फक्त क्षितिजरेषा, डोंगरांची कड, पाण्याचा काठ आणि झाडांचे बाह्याकार. ढग पेन्सिलने काढू नका. शिसाची रेघ फिक्या रंगातून पुढे डोकावते.

आकाश एका बैठकीत. कॅनव्हासचा निम्म्याहून जास्त भाग आकाश आहे, त्यामुळे २० × ३२ ला सुमारे २५ ते ३० मिली रंग लागतो. चहाच्या चमच्याएवढे सहा ढीग आधी मळून ठेवा:

१) पांढरा + कॅडमियम यलो लाइट
२) पांढरा + कॅडमियम यलो डीप
३) पांढरा + कॅडमियम ऑरेंज + क्विनॅक्रिडोन रोज या गुलाबी रंगाचा ठिपका (पुढे नुसते ‘रोज’ म्हणजे हाच रंग)
४) पांढरा + रोज + कोबाल्ट ब्लू, राखाडीकडे झुकलेला गुलाबी
५) पांढरा + कोबाल्ट
६) कोबाल्ट + अल्ट्रामरीन, पांढरा अगदी कमी

पोपटी पट्ट्यावरचा इलाज म्हणजे ढीग क्रमांक ४. पिवळ्या-निळ्याच्या मध्ये लालाचा अंश असलेला पूल टाकला की हिरवा उमटण्याआधीच मारला जातो. प्रत्येक ढिगासाठी वेगळा ब्रश घ्या, १ ते १.५ इंची फ्लॅट. पिवळ्यापासून वर आणि निळ्यापासून खाली या, दोघांची गाठ ४ वर पडू द्या.

---

पहिलाब्रश

फार उपयोगी धागा. दोन शंका. विद्यार्थी दर्जाच्या रंगांनी हे जमेल का? आणि ढग आकाश ओले असतानाच टाकायचे की वाळल्यावर?

---

जवसतेल

पहिल्या शंकेचे उत्तर देतो. ट्यूबवर ‘कॅडमियम यलो ह्यू’ असे लिहिले असेल तर आत बहुतेक वेळा कॅडमियम नसतेच, सेंद्रिय पिवळा असतो. तो वाईट नाही, पण झाकण्याची ताकद कमी आणि रंग चढवण्याची वेगळी. ट्यूबच्या पाठीवरचा रंगद्रव्य क्रमांक वाचा. खऱ्या कॅडमियम पिवळ्याला पीवाय ३५ किंवा ३७, ऑरेंजला पीओ २०, लालाला पीआर १०८. रोजसाठी पीव्ही १९, कोबाल्टसाठी पीबी २८, अल्ट्रामरीनसाठी पीबी २९.

पैसे मोजून घ्यायचेच असतील तर फक्त पिवळा आणि ऑरेंज चांगल्या दर्जाचे घ्या. बर्न्ट सिएन्ना, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन स्वस्त ट्यूबमधलेही या चित्राला चालतात.

पांढऱ्याबद्दल सावध राहा. टायटॅनियम (पीडब्ल्यू ६) फार जोरकस आहे, एका ठिपक्याने ऑरेंजचा पीच करतो. नुसता झिंक (पीडब्ल्यू ४) सौम्य आहे म्हणून काही जण तो सुचवतात, पण झिंकचा थर वर्षांगणिक ठिसूळ होतो आणि लवचिक कॅनव्हासवर तडकतो, कधी खालच्या थरापासून सुटतो. आकाशाच्या पायाला झिंक नको. टायटॅनियमच घ्या, मोजून घ्या.

आणि अलिझरिन क्रिमसन वापरू नका. पातळ थरात आणि पांढऱ्यात मिसळल्यावर तो उजेडाने उडतो. पीव्ही १९ टिकतो.

---

निळीशाई

मूळ चित्रात कॅडमियम लाल आहे असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं, त्यावर एक दुरुस्ती. कॅडमियम धातू १८१७ मध्ये जर्मनीत सापडला, आणि त्याचे पिवळे-केशरी रंग १८४० च्या दशकापासून चित्रकारांना मिळायला लागले. आज आपण ज्याला कॅडमियम रेड म्हणतो तो मात्र १९१० च्या सुमारास बाजारात आला. चर्चच्या काळातले लाल म्हणजे मुख्यतः हिंगूळ, म्हणजे व्हर्मिलियन, आणि मॅडर. मॅडर आपल्या मंजिष्ठाच्याच कुळातल्या मुळापासून निघतो. तेव्हा १८६० चा रंगपट हवा असेल तर तेजस्वी पिवळे-केशरी कॅडमियमचे आणि लाल हिंगुळाच्या छटेचा, असा विचार करा. आजच्या ट्यूबांत त्याला सगळ्यात जवळचा कॅडमियम रेड लाइट. डीप घेतलात तर ढग विटकरी होतात.

याच पिढीला आणखी एक फायदा मिळाला. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये कथलाच्या दाबायच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. ट्यूबमुळे उघड्यावर तैलरंगात झटपट टिपणं काढणं सोपं झालं.

---

ढगनोंद

ढगांविषयी. हे मध्यम उंचीचे ढग आहेत, आल्टोक्युम्युलस. साधारण २ ते ६ किलोमीटर उंचीवर असतात. सूर्य क्षितिजाखाली गेला तरी त्या उंचीला ऊन पोचते, आणि ते तिरपे, जवळजवळ खालून येते. वातावरणातून लांब वाट कापताना निळा विखुरला जातो, उरतो केशरी आणि तांबडा. म्हणून ढगाचे *पोट* पेटते आणि पाठ राखाडी-जांभळी राहते. दुपारच्या ढगाच्या सवयीने वर उजेड आणि खाली सावली टाकली की चित्र खोटे पडते. नक्कल करताना ही चूक सर्रास दिसते.

दुसरी चूक दृष्टिक्रमाची. ढगांची रांग म्हणजे आकाशाचे छत आहे, भिंत नव्हे. कॅनव्हासच्या वरच्या कडेला ढग मोठे, त्यांच्यातल्या फटी रुंद, पोट दिसणारे. क्षितिजाकडे जाताना प्रत्येक रांग आधीच्यापेक्षा बारीक आणि चपटी, फटी केसासारख्या. वरच्या ढगाची जाडी ३ इंच असेल तर क्षितिजाजवळच्या पट्टीची पाव इंचही नको.

तिसरे. सगळे ढग एकाच लालाने रंगवू नका. क्षितिजाजवळचे सोनेरी-केशरी, मधले हिंगुळी, वरचे गुलाबीकडून जांभळ्याकडे.

प्रत्यक्ष आकाश बघून टिपणे काढायची असतील तर वेळेचा अंदाज ठेवा. मुंबईच्या अक्षांशावर सूर्य सरळ खाली उतरतो. सूर्यास्तानंतरचा उजळ संधिप्रकाश २२ ते २४ मिनिटेच टिकतो. चर्च जिथे हिंडला त्या मेन राज्यात, ४६ अक्षांशाच्या आसपास, तोच ३० ते ३५ मिनिटे चालतो. आपल्याकडे म्हणूनच कातरवेळेला रंगपेटी उघडून छटा मळत बसायला सवड नसते. ढीग आधी तयार हवेत.

---

रंगखडा

@पहिलाब्रश, दुसऱ्या शंकेचे उत्तर: ढग दोन टप्प्यांत.

पहिला टप्पा आकाश ओले असतानाच. ढगांच्या जांभळ्या-राखाडी पाठी (अल्ट्रामरीन + रोज + थोडा बर्न्ट सिएन्ना + पांढरा) नंबर ८ च्या फिलबर्टने (गोलसर टोकाच्या चपट्या ब्रशने) हलक्या हाताने बसवा. कडा आकाशात विरू देत. इथे थांबा. ओल्या निळ्यावर केशरी फिरवलात की तपकिरी चिखल होतो, त्याला उपाय नाही. पॅलेट नाइफने खरवडून काढावा लागतो.

दुसरा टप्पा आकाश हाताला कोरडे लागल्यावर, म्हणजे ५ ते १० दिवसांनी. आता पोटाचा तांबडा. लाल फिका करायला पांढरा वापरू नका, ऑरेंज वापरा. ऑरेंज फिका करायला यलो डीप, आणि यलो डीप फिका करायला यलो लाइट. पांढरा फक्त क्षितिजालगतच्या दोन-तीन सर्वांत उजळ कडांना. पांढऱ्याने लालाचा तेजस्वीपणा जातो आणि गुलाबी खडू उरतो. पिवळ्याकडे सरकवत नेला तर उजळतोही आणि पेटलेलाही राहतो. हा रंग जरा जाडसर, ट्यूबमधून आला तसाच लावा.

लाल अजून कमी पेटल्यासारखा वाटला तर लालाला हात लावू नका. शेजारचा राखाडी अर्ध्या पायरीने गडद आणि थंड करा.

पंख्यासारख्या ब्रशचा मोह आवरा. दोनदा हलका फिरवला तर ठीक. त्यापुढे सगळ्या कडा सारख्याच मऊ होतात आणि ढग कापसाचे दिसतात. चर्चच्या ढगांना काही कडा कापल्यासारख्या तीक्ष्ण आहेत, काही पूर्ण हरवलेल्या. ती अदलाबदल हाच त्यांचा जीव आहे.

---

करडा

एका मुद्द्यावर असहमत. बर्न्ट सिएन्नाचा गरम पाया ढगांना मदत करतो हे खरं, पण वरच्या निळ्याला तो मारतो. निळा थर पातळ पडला की खालचा तांबूस डोकावतो आणि आकाश मळकट दिसतं. माझं मत: वरच्या तिसऱ्या भागातला पाया जवळजवळ पूर्ण पुसून पांढरा ठेवा, क्षितिजाकडे येताना गडद होऊ द्या. किंवा पूर्ण कॅनव्हासला मध्यम राखाडी द्या. छटा ओळखायला राखाडी सगळ्यात प्रामाणिक.

---

रंगखडा

@करडा, वरचा भाग पुसून घेण्याची सूचना माझ्या पद्धतीपेक्षा चांगली आहे, मूळ कृतीत तसा बदल धरावा. राखाडी पाया मात्र इथे नको वाटतो. पुढच्या झाडांचा काळोख पातळ, पारदर्शक ठेवायचा आहे, आणि त्यातून राखाडी दिसला तर झाडे सिमेंटची होतात. तांबूस दिसला तर खोडांत ऊब राहते.

झाडांसाठी ट्यूबमधला काळा टाळा. बर्न्ट अंबर + अल्ट्रामरीन, किंवा बर्न्ट सिएन्ना + व्हिरिडियन (थंड हिरवा). गडद भाग पातळ, उजळ भाग जाड. फांद्या आकाशावर येतात तिथे नंबर १ चा रिगर (लांब, बारीक केसांचा) ब्रश आणि शाईइतका पातळ रंग. फांदी उजळ पिवळ्यावर आली की तिची कड किंचित तांबूस करा. उजेड कडेला खातो, नाहीतर फांदी चिकटवल्यासारखी दिसते.

---

पानोपानी

जागेबद्दल थोडे. हे एखाद्या विशिष्ट ठिकाणाचे हुबेहूब दृश्य नाही. चर्च १८५२ मध्ये आणि पुन्हा १८५६ मध्ये मेनमधल्या काताडिन पर्वताकडे गेला होता (उंची सुमारे १६०० मीटर). तिथली टिपणे न्यूयॉर्कच्या टेन्थ स्ट्रीट स्टुडिओत एकत्र करून त्याने हे रचले. पेन्सिलच्या रेखाटनावर रंगांच्या नोंदी लिहून ठेवायची त्याची सवय उचलण्यासारखी आहे. १० मिनिटांच्या आकाशात ब्रशपेक्षा शब्द लवकर पोचतो.

गुरू थॉमस कोल. १८४४ ते ४६ चर्च त्यांच्याकडे कॅट्सकिलला शिकला. कोल रूपककथा मांडत, चर्चने निसर्गाचा तपशीलच बोलका केला.

आणि हे ‘निर्मनुष्य’ रान चित्रकाराची निवड आहे, हे विसरू नये. काताडिन हा पेनॉब्स्कॉट या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचा पवित्र पर्वत. त्या काळात मेनच्या जंगलात जोरात लाकूडतोड चालू होती आणि बँगोर हे लाकडाचे मोठे बंदर होते. हे सारे चौकटीबाहेर ठेवून चर्चने रान असे दाखवले की जणू अजून कुणाची कुऱ्हाड तिथे पोचलेली नाही. सालही पाहा, १८६०. पुढच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि १८६१ मध्येच त्याने ‘अवर बॅनर इन द स्काय’ काढले. त्यात असेच तांबडे ढग अमेरिकन झेंड्याचे पट्टे होतात. तिथून मागे वळून या आकाशाकडे बघणाऱ्याला त्यात येऊ घातलेले युद्ध दिसते. चर्चच्या मनात ते होते असे मी म्हणणार नाही, पण बघणाऱ्याला ते वाटणे मला पटते.

---

ओहायोकर

संदर्भ-प्रतिमेबद्दल: क्लीव्हलँड म्युझियमने २०१९ मध्ये आपल्या संग्रहातल्या हक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा सर्वांना खुल्या केल्या. या चित्राची मोठी प्रतिमा त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येते, वापरावर बंधन नाही. इतरत्र फिरणाऱ्या प्रती टाळा, बहुतेकांत लाल वाढवलेला असतो. आणि भडक प्रतीची नक्कल म्हणजे भडकपणाचा वर्ग!

मोबाइलवर पाहून रंगवू नका. आकाशाचे तुकडे कापून मॅट कागदावर ए३ आकारात छापून घ्या, आणि शेजारी तीच प्रतिमा कृष्णधवल करून ठेवा. वर दिलेले ९, ५, ३, १ हे आकडे त्यावर लगेच पडताळता येतात.

इकडच्या, म्हणजे क्लीव्हलँड ज्या ओहायो राज्यात आहे तिथल्या मराठी मंडळींसाठी: संग्रहालयाच्या कायम दालनांना तिकीट नाही. चित्रासमोर आधी दीड हातावर आणि मग दहा पावलांवर उभे राहा.

---

पहिलाब्रश

पाण्याचं काय? आकाशच उलटं करून काढायचं का?

---

निळीशाई

नाही, उलटं आकाश काढलं की पाणी आरशाच्या तुकड्यासारखं दिसतं. लांबच्या काठाजवळचं पाणी क्षितिजालगतचा पिवळा दाखवतं, आपल्या जवळचं पाणी आकाशाचा जास्त उंचावरचा भाग. म्हणजे पलीकडून अलीकडे येताना पिवळा, केशरी, मग जांभळट. उजळ गोष्टींचं प्रतिबिंब अर्धी पायरी गडद, गडद गोष्टींचं अर्धी पायरी उजळ. आकार उभ्या फटकाऱ्यांनी खाली ओढायचे आणि शेवटी कोरड्या सपाट ब्रशने दोन-तीनच आडव्या रेघा. डोंगराच्या पायथ्याशी पाण्याची कड पूर्ण आडवी हवी. पट्टी लावून तपासा, १ मिलिमीटरचा उतारही डोळ्याला टोचतो.

---

जवसतेल

वाळण्याचे आणि टिकण्याचे मुद्दे राहिले आहेत.

तैलरंग पाणी उडून नव्हे, हवेतला प्राणवायू घेऊन वाळतो. त्यामुळे पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत आकाशाचा थर १० ऐवजी २० दिवसही घेतो. कॅनव्हास सैल पडतो तो वेगळाच. खोलीत पंखा सुरू ठेवा आणि चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. अंधारात जवसाचे तेल पिवळे पडते आणि निळा हिरवट दिसतो. उजेडात ठेवल्यावर पुष्कळसा पिवळेपणा उतरतो, म्हणून घाबरून वरून रंग चढवू नका.

उन्हाळ्यात उलट अडचण, ढीग लवकर घट्ट होतात. लवंगाचे तेल एका ढिगाला एक थेंब, त्याहून जास्त नाही. जास्त झाले तर थर आठवडेच्या आठवडे मऊ राहतो.

थरांचा क्रम: पहिला टर्पेंटाइनने पातळ, दुसरा ट्यूबमधला तसाच, तिसरा तेलाचा. डोंगरांवर धुके आणायला शेवटी रोज + अल्ट्रामरीनचा पारदर्शक हात द्यायचा असेल तर १ भाग स्टँड ऑइलला (तापवून घट्ट केलेल्या जवसाच्या तेलाला) २ भाग टर्पेंटाइन. हा क्रम उलटला, म्हणजे तेलकट थरावर कोरडा थर आला, तर वरचा आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात.

पुढची झाडे वाळल्यावर ठिकठिकाणी निस्तेज, राखाडी दिसतील. बर्न्ट अंबर हा रंग तेल शोषून घेतो. त्यावर पुन्हा काळा चढवू नका, रिटच व्हार्निशचा (काम चालू असताना मध्येच लावता येणाऱ्या व्हार्निशचा) पातळ हात द्या, खोली लगेच परत येते. शेवटचे व्हार्निश ६ महिन्यांआधी नाही, जाड रंगाला १२.

कॅडमियमचे वाळलेले थर सँडपेपरने घासू नका, धूळ श्वासात जाते. ब्रशचे टोक ओठात धरू नका. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेटतात. पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवा आणि झाकण लावा.

---

ढगनोंद

@रंगखडा, ढीग ५ बद्दल एक सूचना. कोबाल्ट + पांढरा यात मूळ चित्रातला हिरवट-निळा हरवतो. पिवळ्याच्या जरा वर, ढगांच्या फटींतून दिसणाऱ्या आकाशात, व्हिरिडियनचा अगदी ठिपका घातला तर तो साधतो. प्रत्यक्ष संध्याकाळीही तिथे पोपटी नव्हे, पण फिक्या मोरपिशी अंगाचा पट्टा असतोच.

---

रंगखडा

मान्य. ५ चे दोन ढीग करावेत: ५अ मध्ये पांढरा + कोबाल्ट + व्हिरिडियन, ५ब नुसता कोबाल्टचा. ५अ आकाशभर पसरू नये, ४ आणि ५ब यांच्या मध्ये दोन बोटे रुंदीत, आणि तोही ढगांच्या फटींपुरता.